एन3 च्या तयारीसाठी 'शिकी' हा ॲनिमे कितपत उपयोगी?

दिवेलागण

जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची एन4 पातळी झाली आहे, डिसेंबरला तिच्या वरची एन3 द्यायची आहे. पाठ्यपुस्तकासोबतचे संवाद नीट कळतात, पण ॲनिमे लावला की वाक्याचा शेवट निसटतो. सुरुवात कळते, मधलं कळतं, पण क्रियापद नेमकं काय होतं ते कळत नाही. भयकथा आवडतात म्हणून 'शिकी' (2010, 22 भाग) घ्यायचा विचार आहे. विचारायचं असं की, त्यातले शब्द एन3 च्या फार वरचे आहेत का? गोष्ट खेड्यातली आहे, मग बोलीभाषा आडवी येते का? आणि रोज नेमकं काय करायचं? कृपया शेवट सांगू नका.

तळटीप

जरूर घ्या, पण अभ्यासासाठी पहिले दहा-अकरा भागच ठेवा. तोपर्यंत माणसं बसून बोलतात: दवाखान्यात, देवळात, दारात, अंगणात. पुढे आरडाओरडा आणि पळापळ वाढते, हिंसाही बरीच आहे. ते भाग नुसते बघा.

बोलीची भीती नको. म्हाताऱ्यांचं बोलणं रांगडं आहे, पण पाया प्रमाण जपानीचाच आहे. अडचण येते ती शब्दांची. तेही विखुरलेले नाहीत, दोन-तीन घराण्यांतले आहेत, आणि त्याचं कारण गोष्टीतच आहे.

सोतोबा हे डोंगरातलं जेमतेम 1300 वस्तीचं गाव. भोवती मोमि या सूचिपर्णी झाडांचं रान. थडग्यापाशी उभ्या करायच्या लाकडी पाट्यांना सोतोबा म्हणतात. त्या पाट्या करणारं गाव म्हणून गावाचं नावही तेच. बाकी जपानात दहन रूढ असताना हे गाव अजून मृतांना पुरतं. म्हणून 'दोसोऽ' (दफन) आणि 'कासोऽ' (दहन) ही जोडी आधीच पाठ करा, नाहीतर गावावर संकट का येऊ शकतं हेच कळणार नाही.

पहिलं घराणं दवाखान्याचं. उन्हाळा कडक आहे, माणसं थकलेली दिसतात, डॉक्टर ओझाकीला आधी हिंकेत्सु, म्हणजे रक्तक्षय वाटतो. यातला 'केत्सु' म्हणजे रक्त. ही एक कांजी (जपानीत वापरलं जाणारं चिनी अक्षर) आली की बरंच हाती लागतं: केत्सुएकि (रक्त), केत्सुआत्सु (रक्तदाब), शुक्केत्सु (रक्तस्राव), युकेत्सु (रक्त चढवणं), आणि अर्थात क्यूऽकेत्सुकि (रक्त पिणारा व्हॅम्पायर). शोषणं, रक्त आणि राक्षस अशा तीन कांजी मिळून तो शब्द झाला आहे. आपल्याकडेही रक्तदाब, रक्तस्राव असे जोडशब्दच असल्यामुळे हे पटकन बसतात.

दुसरं घराणं मरणाचं. इथे शब्दाइतकाच मान महत्त्वाचा. 'शिनु' म्हणजे मरणं, 'नाकुनारु' म्हणजे वारणं, 'इकि ओ हिकितोरु' म्हणजे प्राण सोडणं. शेजारच्या आजोबांबद्दल त्यांच्या मुलासमोर 'शिनु' वापरणं म्हणजे 'तुमचे वडील मेले ना?' असं विचारणं. घरच्यांना भेटायला गेल्यावर 'गोशूऽशोऽसामा देसु' म्हणतात. ओत्सूया (अंत्यविधीआधीची रात्र), सोऽशिकि (अंत्यविधी), दांका (देवळाशी पिढ्यानपिढ्या बांधलेली घरं) हे शब्द ऐकून ओळखता आले तरी पुरे, लिहिता यायची गरज नाही.

एक सापळा. शब्दकोशात नुसतं 'शिकि' शोधलंत तर ऋतू, समारंभ, नेतृत्व, मनोबल असं बरंच काही येईल. इथला शिकि म्हणजे प्रेत आणि राक्षस या दोन कांजींचा शब्द. गावकऱ्यांचा जुना शब्द वेगळा आहे: 'ओकिआगारि', म्हणजे उठून बसलेला. भागांच्या नावांतही असाच खेळ आहे. तिसऱ्या भागात 'सान' या अंकाऐवजी त्याच उच्चाराची 'भीषण' अर्थाची कांजी आहे आणि चौथ्यात 'शि'च्या जागी 'मृत्यू'. जपान्यांना चारचा आकडा का नको असतो ते तिथेच कळतं.

घाटमाथा

शेवट निसटतो याचं कारण बहुतेक वेळा आकुंचन असतं. पाठ्यपुस्तक पूर्ण रूप शिकवतं, तोंडातून अर्धं बाहेर पडतं. तेइरु चं तेरु होतं, तेओकु चं तोकु, तेशिमात्ता चं चात्ता, नाकेरेबा चं नाक्या. आपणही 'खातो आहे' कुठे म्हणतो, 'खातोय' म्हणतो. ही चार रूपं कागदावर लिहून स्क्रीनशेजारी चिकटवा. दुसरं, श आणि क किंवा त यांच्यामधला इ जवळजवळ गळतो. लिहिलेलं 'शिता' कानावर 'श्ता' असं पडतं. हे ठाऊक नसेल तर तुम्ही न उच्चारलेला स्वर शोधत बसता आणि तोवर पुढचं वाक्य निघून जातं.

आता मराठी माणसाला फुकट मिळणारी गोष्ट. इंग्रजीतून शिकवलेलं व्याकरण बाजूला ठेवा आणि हे बघा:

ते मिरु: करून बघणं
ते ओकु: करून ठेवणं
ते शिमाउ: करून टाकणं, होऊन जाणं, आणि पस्तावा असेल तर करून बसणं

'शिन्दे शिमात्ता' म्हणजे 'मरून गेला'. 'मानेइते शिमात्ता' म्हणजे 'बोलावून बसलो'. यातल्या 'बसलो'मधली हळहळ शिमात्तामध्ये जशीच्या तशी आहे. पाठांतराच्या कार्डावर अर्थ इंग्रजीत लिहिलात तर ती हरवते, म्हणून अर्थ मराठीतच लिहा.

मराठी जिथे फसवते तीही जागा सांगतो. 'शिन्देरु' ऐकलं की 'मरतोय' असा अर्थ लावायचा मोह होतो. तो चूक आहे. क्षणात घडणाऱ्या क्रियेला तेरु लागलं की घडून गेल्यानंतरची स्थिती कळते: 'मेलाय'. तसंच 'कितेरु' म्हणजे 'येतोय' नव्हे, 'आलाय'. रात्री दाराबाहेर कोणी उभं आहे आणि घरातला माणूस हे म्हणतो अशी कल्पना करा. 'येतोय' समजलात तर सगळी भीतीच निघून जाते.

कर्मणी प्रयोगाचंही तसंच. 'चि ओ सुवारेता' याचं मराठी आपण 'त्याचं रक्त शोषलं' असं करतो, आणि त्या सवयीने जपानीत 'कारे नो चि गा' असं लिहून मोकळे होतो. जपानी भाषा ज्याच्यावर बेतलं त्याला कर्ता करते: कारे वा चि ओ सुवारेता. याच जातीचं 'चिचि नि शिनारेता': वडील वारले आणि त्याचा घाव माझ्यावर पडला. घरामागून घर रिकामं होणाऱ्या गोष्टीत हे रूप समजून घेणं गरजेचंच आहे.

एक नियम सांगितल्याने कथा फुटत नाही, कारण तो व्हॅम्पायरच्या बऱ्याच कथांचा आहे: बोलावल्याशिवाय व्हॅम्पायर घरात येऊ शकत नाहीत. सरावासाठी मी वाक्य बांधतो: मानेकारेनाइ तो हाइरेनाइ. मानेकु म्हणजे आमंत्रण देणं, त्याचं कर्मणी नकारार्थी रूप, मग अटीचा तो, मग हाइरु चं 'शकणं'वालं नकारार्थी रूप. 'बोलावलं गेलं नाही तर आत येता येत नाही.' एन4-एन3 चं अर्धं व्याकरण या दोन शब्दांत आहे.

याला जोडून दारातलं बोलणं ऐका. जपानी घरात गेनकानपेक्षा (दारातली चपला काढायची जागा) आतली जमीन उंच असते, म्हणून आत येणं म्हणजे 'आगारु', वर चढणं. यजमान 'दोऽझो, ओआगारि कुदासाइ' म्हणतो, पाहुणा 'ओजामा शिमासु' म्हणतो. आणि उठून बसलेल्या मृताला काय म्हणतात? ओकिआगारि. दोन्हीकडे तेच आगारु.

कोजागरी

रोजचं काम असं ठेवा. तीन मिनिटांचा एकच तुकडा. 22 मिनिटांच्या भागाचे सात तुकडे, म्हणजे आठवड्याला एक भाग. अकरा भागांना अकरा आठवडे लागतात, तेव्हा सप्टेंबरच्या मध्याच्या आत सुरू करा.

तुकडा आधी सबटायटलशिवाय दोनदा ऐका. तुमची तक्रार शेवटाची आहे, तर प्रत्येक वाक्याचं फक्त शेवटचं क्रियापद वहीत काना लिपीत लिहा, बाकी काही नको. मग जपानी सबटायटल लावून ताडून बघा. इंग्रजी सबटायटल या टप्प्यावर बंदच हवेत. डोळे तिकडे गेले की कान थांबतो. जिथे चुकलात ती वाक्यं पुन्हा ऐका आणि बोलणाऱ्याबरोबर मोठ्याने म्हणा.

त्यातून अंकी या पाठांतराच्या कार्डांच्या ॲपमध्ये सहापेक्षा जास्त वाक्यं घेऊ नका. एका वाक्यात एकच अनोळखी गोष्ट हवी. दोन असतील तर सोडून द्या, शब्द महत्त्वाचा असेल तर तो पुढे परत येतोच. कार्डाच्या पुढच्या बाजूला आवाज आणि वाक्य, मागे हिरागानात (उच्चाराप्रमाणे लिहायची लिपी) उच्चार, मराठी अर्थ आणि आकुंचनाचं पूर्ण रूप. ब्राउझरमध्ये बघत असाल तर एएसबीप्लेअर आणि योमितान ही एक्स्टेन्शनची जोडी आवाजासकट कार्ड करून देते. एखादं कार्ड आठ वेळा चुकलं की अंकी त्यावर खूण करतं आणि सेटिंग तशी असेल तर ते बाजूलाही काढतं. ते ओढून परत आणू नका, त्याच शब्दाचं सोपं वाक्य शोधा.

आणखी एक. गाव आहे, त्यामुळे आडनावांचा पूर येतो आणि नवशिका त्यांना शब्द समजून कोशात शोधत राहतो. पहिल्या भागाआधीच ओझाकी (डॉक्टर), मुरोइ (बौद्ध भिक्षू, कादंबरीकारही), शिमिझु, यूऽकि, किरिशिकि एवढी नावं लिहून ठेवा. हाक आडनावाने की नावाने, मागे सान लावतात की चान, हेही टिपा. गोष्टीतल्या नात्सुनो या मुलाला नावाने हाक मारलेली खपत नाही. जपानीत हाकेवरून जवळीक मोजली जाते हे तिथे कळतं.

दिवेलागण

खूप आभार, सगळ्यांचेच. एक अडचण आली आहे. जपानी सबटायटलची फाइल सुरुवातीला बरोबर चालते, नंतर संवादाच्या मागेपुढे होते. व्हीएलसी प्लेअरमध्ये दुरुस्त केलं तरी थोड्या वेळाने पुन्हा तेच.

कोजागरी

फरक एकदम पडतो की हळूहळू वाढतो, ते आधी बघा. दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

मधल्या जाहिरातीच्या जागेपर्यंत बरोबर आणि तिथून पुढे कायम तेवढाच फरक असेल, तर फाइल टीव्ही प्रक्षेपणावरून केलेली आहे आणि तुमच्या चित्रफितीत जाहिरातीची जागा नाही. त्या जागेनंतर एकदाच सरकवा: व्हीएलसीत जी आणि एच या कळा, दर वेळी 50 मिलिसेकंद. एमपीव्ही प्लेअरमध्ये लहान आणि मोठा झेड, दर वेळी 0.1 सेकंद.

फरक मिनिटागणिक वाढत असेल तर फ्रेमचा वेग जुळत नाही. एक सेकंदाला 23.976 फ्रेमचा, दुसरा 25 चा. 22 मिनिटांच्या शेवटी हा फरक सुमारे 54 सेकंदांचा होतो, आणि सरकवून तो कधीच जाणार नाही, कारण पुढच्याच मिनिटाला नवा फरक तयार होतो. सबटायटल एडिट या प्रोग्रॅममध्ये फ्रेम रेट बदलून फाइल नव्याने जतन करा, मग उरलेला किरकोळ फरक सरकवा. हे कार्डं करायच्या आधी करा, नाहीतर प्रत्येक कार्डात भलत्याच वाक्याचा आवाज जाईल.

तळटीप

एक राहिलं. मुरोइ लिहीत असलेल्या कादंबरीतले उतारे मध्येमध्ये वाचले जातात. ती ग्रांथिक जपानी आहे, एन3 ला ती कळली नाही म्हणून खट्टू होऊ नका, ते तुकडे सरळ वगळा. ओनो फुयुमी यांची मूळ कादंबरी (1998) पण आत्ता नको, खिशात मावणाऱ्या आवृत्तीचे पाच खंड आहेत. वाचायचंच असेल तर फुजिसाकि र्यूऽ यांची मांगा (चित्रकथा) घ्या, 11 खंड. कांजीशेजारी फुरिगाना (उच्चार दाखवणारी बारीक अक्षरं) छापलेला असल्यामुळे शब्द कोशात शोधणं सोपं जातं. भाग बघून झाल्यावर तोच प्रसंग मांगात वाचा. आणि 20.5 व 21.5 असे दोन जादा भाग डिस्कसोबत आले होते, ते टीव्हीवर दाखवले नव्हते. तुमच्या यादीत 22 च दिसले तर काही हरवलेलं नाही.