डाग न धरणारे कपडे रोजच्या वापरात कितपत उपयोगी पडतात?

रानजाई:
नमस्कार. माझे यजमान औषध कंपनीत विक्री प्रतिनिधी आहेत. दिवसभर बाहेर फिरणे, दुपारचे जेवण मिळेल तिथे आणि कपडे मात्र फिकट रंगाचेच, अशी त्यांची नोकरी आहे. त्यांच्यासाठी डाग न धरणारी पँट घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदाराने कापडावर पाणी ओतून दाखवले आणि ते मोत्यांसारखे घरंगळून गेले. परंतु आपल्याकडे डाग पडतात ते चहाचे, हळदीचे आणि मिसळीच्या तर्रीचे. त्यांच्यापुढेही हे कापड असेच टिकते का, आणि किती दिवस? मुलीच्या शाळेच्या गणवेशासाठीही असे कापड घ्यावे का? प्रत्यक्ष वापरलेल्यांनी किंवा या व्यवसायातील जाणकारांनी कृपया सांगावे.

मागधुरा:
मी इचलकरंजीत कापड प्रक्रियेच्या कामात बरीच वर्षे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. दुकानात पाणी ओतून दाखवणे ही सर्वांत सोपी परीक्षा आहे. पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे थेंबाला गोल व एकत्र धरून ठेवणारी ओढ, मोठा (सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर) असतो, तर खाद्यतेलाचा त्याच्या निम्म्याहूनही कमी असतो. द्रव कापडावर न पसरता थेंबाच्या रूपात राहायचा असेल, तर कापडाच्या पृष्ठभागाची ऊर्जा, म्हणजे द्रवाला स्वतःकडे ओढून पसरवण्याची ताकद, त्या द्रवाच्या पृष्ठताणापेक्षा बरीच कमी असावी लागते. मेण किंवा सिलिकोनचे फिनिश, म्हणजे कापडावर चढवलेला पातळ रासायनिक थर, पाण्याला अडवते, पण तेलाला अडवण्याची ताकद त्यात नसते. ते काम व्यवहारात फ्लोरिनयुक्त फिनिशच करते. कापड त्या द्रावणात बुडवून पिळतात, वाळवतात आणि मग स्टेंटर यंत्रात, म्हणजे कापड ताणून धरून तापवणाऱ्या यंत्रात, साधारण १५० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानावर पक्के करतात.

त्यामुळे दुकानदाराला पाण्याऐवजी खोबरेल तेलाचा एक थेंब टाकू द्या, असे सांगा. थेंब अर्धा मिनिट गोल राहिला, तर फिनिश तेलालाही अडवते. पसरून कापडात मुरला, तर तर्रीच्या बाबतीत काहीही आशा धरू नका. दुधाचा गरम चहा या दोन्हींच्या मधला आहे. उष्णतेने पृष्ठताण घटतो आणि दुधात स्निग्धांशही असतो, त्यामुळे कपातून उडालेला थेंब घरंगळेल, पण मांडीवर सांडलेला चहा घडीत साचून आत शिरू शकतो.

आणखी एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. डाग अडवणारे फिनिश वेगळे आणि धुताना डाग सोडणारे फिनिश वेगळे. नुसत्या अडवणाऱ्या कापडात दाब पडून तेल एकदा आत गेले, तर साबणाचे पाणीही तितक्याच कष्टाने आत शिरते आणि डाग साध्या कापडापेक्षा चिवट ठरतो. म्हणून पँटला अडवणारे फिनिश ठीक आहे, पण कॉलर आणि बाह्यांच्या कडा घामाने व त्वचेच्या तेलाने आतून, रोज घासून मळतात. तिथे डाग सोडणारे फिनिशच कामाचे.

कवडसा:
मी कार्यालयात अशा पँटी नियमित वापरतो. वरच्या उत्तरातील दाबाचा मुद्दा अनुभवास येतो. आमटीचा थेंब पडल्यावर तो कागदी रुमालाने नुसता टिपून घेतला, तर खूण राहत नाही. घाईने चोळला, तर मात्र राहते. म्हणजे हे कापड आपल्याला थोडा अवधी मिळवून देते आणि त्या अवधीत आपण काय करतो, यावर उरलेले सर्व अवलंबून असते. धुण्याने गुण कमी होत जातो. मात्र लेबलवर परवानगी असल्यास गरम इस्त्री केल्याने तो बऱ्याच अंशी परततो. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात वापरू नये, कारण त्याचा स्निग्ध थर फिनिशवर बसतो आणि त्याचा प्रभाव झाकून टाकतो. हळदीचा डाग साबण लावताच लाल झाला तरी घाबरू नये, तो अल्कलीचा परिणाम असतो. स्वच्छ धुवून कडक उन्हात वाळत घातल्यास पिवळेपणा पुष्कळ उतरतो. फिनिश नसलेल्या सुती कापडालाही हाच उपाय लागू पडतो.

सांजवात:
गणवेशाबद्दल माझे मत स्पष्टपणे नकारार्थी आहे. तेल अडवणारी ही फ्लोरिनयुक्त रसायने निसर्गात सहजासहजी विघटित होत नाहीत. स्कॉचगार्ड हे थ्री-एम कंपनीचे डाग अडवणारे उत्पादन १९५६ साली बाजारात आले, आणि त्यामागील मूळ रसायनाचे उत्पादन थांबवत असल्याचे या कंपनीने २००० साली स्वतःच जाहीर केले. पुढे २००९ आणि २०१९ मध्ये या कुळातील दोन प्रमुख रसायने स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक रसायनांवर निर्बंध घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आली. कॅलिफोर्नियात २०२५ पासून, तर फ्रान्समध्ये २०२६ पासून अशा रसायनांच्या नव्या कपड्यांच्या विक्रीवर बंदी आहे. संरक्षक पोशाखांसारखे काही अपवाद सोडले, तर ती सर्वसाधारण कपड्यांना लागू होते. अंगावरच्या कपड्यातून थेट किती अपाय होतो, यापेक्षा ते फिनिश धुण्याच्या पाण्यातून नदीनाल्यांत जाते, ही चिंता मला मोठी वाटते. वाढत्या वयाच्या मुलीचा गणवेश वर्षभरात आखूड होतोच, तेव्हा सुतीमिश्रित साधे कापड आणि वेळेवर धुणे पुरे आहे.

रानजाई:
सर्वांचे मनापासून आभार. यजमानांसाठी तेलाच्या थेंबाने पारखून एकच पँट घेईन, शर्ट नेहमीचेच ठेवीन आणि गणवेशाचा विचार सोडून देते. मागधुरा, गडद रंगाच्या पँटवर तेलाचा थेंब मुरला की नाही, हे कसे ओळखावे?

मागधुरा:
थेंब टिपून घेतल्यावर कापड उजेडात तिरके धरून पाहावे. तेल मुरले असेल, तर त्या जागी आजूबाजूपेक्षा गडद, ओलसर ठिपका दिसतो.