वहिनीसाठी शिलाईचा क्लास की कॉम्प्युटरचा?

वणीचा_पक्या
नमस्कार मंडळी. दादाला जाऊन दीड वर्ष झालं, वहिनी पस्तिशीची, दहावी पास, दोन पोट्टे शाळेत. दोन एकर कोरडवाहू कापसात काय उरते ते सांगायची गरज नाही. माहेरी थोडं शिवायला शिकली होती, आजूबाजूच्या बायकांच्या साड्यांना फॉल लावून देते. आता एक जण गावात फिरून राहिला, म्हणतो फ्री शिलाई मशीनची योजना आहे, फॉर्मचे १२०० द्या, वरून कॉम्प्युटर कोर्स केला तर नोकरी पक्की. आई म्हणते शिलाईच बरी, घरच्या घरी होते. मला वाटते कॉम्प्युटर. काय करावं?

बँकवाले_काका
पहिले तर ते १२०० देऊ नका! फ्री शिलाई मशीनवाले मेसेज खोटे आहेत असं पीआयबीने (केंद्र सरकारचं माहिती खातं) मागेच फॅक्ट चेकमध्ये सांगितलंय. खरी आहे ती पीएम विश्वकर्मा, १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली, १८ कामं आहेत त्यात शिंपी पण. ५ ते ७ दिवसांचं बेसिक ट्रेनिंग, दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० चं व्हाउचर. पण काम आधीपासून स्वतः करत असायला लागतं आणि ग्रामपंचायतीकडून पडताळणी होते. नोंदणी फुकट असते. शिंपीकामाची सध्या चालू आहे का ते सीएससी सेंटरवर (सरकारी ऑनलाइन कामं होतात तिथं) विचारून घ्या.

सुईदोरा
मी आरसेटीत शिकले, म्हणजे गावाकडच्यांना कामधंदा शिकवणारी संस्था, ती जिल्ह्याच्या लीड बँकेची असते, साधारण महिनाभर, राहणं-जेवण सगळं फुकट. आमच्या बॅचला २५ बायका होत्या, आज शिवून कमावतात त्या चार-पाच. कारण सर्टिफिकेट मिळालं की सगळ्या डायरेक्ट ब्लाउजवर जातात आणि नवीन बाईकडे कोणी भारी साडीचं कापड टाकत नाही हो, एक मुंढा (बगलेचा घेर) चुकला की गल्लीभर बोभाटा. मी वर्षभर नुसतं फॉल-पिको (पिको म्हणजे साडीच्या कडेची बारीक शिलाई), चेन बदलणं, कुर्ती आल्टर एवढंच केलं, त्यातून गिऱ्हाइक बसलं मग ब्लाउज आले. आणि भाऊ एक विचारू का, राग मानू नका, वहिनींकडे स्वतःचा फोन आहे का? पैसे कोणाच्या क्यूआरवर येतात?

लातूरकर
कॉम्प्युटरचं म्हणाल तर एमएस-सीआयटी हा कोर्स २००१ पासून आहे, गावोगावी लोकांनी केलंय, सरकारी भरतीत लागतं म्हणून करतात, पण नुसत्या त्याच्यावर नोकरी पक्की म्हणणारा माणूस थापा मारतोय. त्यापेक्षा वहिनी उमेदच्या (सरकारचं गावातल्या बायकांसाठीचं अभियान) बचत गटात आहेत का बघा. दहावी पास बाईला तिथून बीसी सखीचं काम मिळू शकतं, म्हणजे गावातच लोकांना आधारवर पैसे काढून द्यायचे, प्रत्येक व्यवहारामागे कमिशन. शिलाई सोडायची गरजच नाही.

बँकवाले_काका
+१. आणि त्यांना हे पहिल्याच दिवशी शिकवा, पैसे घेताना यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. कोणी "पैसे पाठवतो, पिन टाका" म्हटलं की फोन ठेवायचा. गेलेच पैसे तर लगेच १९३० ला फोन, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे ती.

वणीचा_पक्या
सुईदोरा ताई, राग कशाला. क्यूआर माझाच आहे 😐 दादाच्या वेळचा फोन पोट्ट्यांजवळ राहते गेम खेळायला. आज वहिनीला पहिल्यांदा सरळ विचारलं तुला काय पाह्यजे, तर म्हणे दोघं मायलेक माझ्यावरून भांडता, मले फक्त पिकोची मशीन घेऊन द्या, आत्ता पिकोसाठी साड्या वणीला पाठवा लागते, अर्धे पैसे तिथंच जाते. सोमवारी बँकेत जातो तिच्या खात्याला तिचाच नंबर जोडायला. जुनी पिको मशीन घेतली तर चालते का?

सुईदोरा
चालते की, माझी पण जुनीच आहे. फक्त वहिनींनाच घेऊन जा आणि त्यांनाच चालवू द्या. जाताना जॉर्जेटचा तुकडा न्या, सुती कापडावर कुठलीही मशीन बरीच चालते.