फारसी गाण्यांच्या कार्यक्रमात गप्प कशाला बसायचं?

बर_दुबईवाली

नवरोजच्या सुमारास दुबईत झालेल्या एका फारसी पॉप कार्यक्रमाबद्दल 'निवांत' यांनी परवा लिहिलं. कार्यक्रम दीड तास उशिरा सुरू झाला, लोक खुर्चीत बसलेच नाहीत, गायकापेक्षा शेजारच्या बाईंचा आवाज जास्त आला, नवीन गाणं सुरू होताच निम्मे लोक उठून बाहेर गेले आणि उरलेले जुन्या गाण्यांची नावं घेऊन ओरडत राहिले, अशी तक्रार होती. इथवर ठीक. पण शेवटी लिहिलंय, "या लोकांना गाणं ऐकायचं नसतं, त्यांना १९७८ साल परत हवं असतं. श्रोते म्हणून संस्कारच नाहीत." हे वाचून डोकं फिरलं. तिथल्या प्रतिसादात मावणार नाही म्हणून वेगळा धागा काढतेय.

१९७९ च्या इस्लामी क्रांतीनंतर इराणात पॉप संगीत बंद झालं. बाईने पुरुष श्रोत्यांसमोर एकटीने गाणं तिथे आजही चालत नाही. तिथली लाडकी पॉप गायिका गूगुश देशातच राहिली आणि २१ वर्षं तिला जाहीर गाता आलं नाही. तिचा जन्म १९५० चा, म्हणजे गळ्याची ऐन उमेदीची वर्षं गेली. २००० साली बाहेर पडून तिने टोरांटोत पुन्हा गायला सुरुवात केली. हायदे, महस्ती, मोइन, एबी, दारियूश ही गायक मंडळी देशाबाहेर गात राहिली, बरीचशी लॉस एंजेलिसहून. हायदे १९९० मध्ये कॅलिफोर्नियातच वारली, तिला परत जाता आलंच नाही. त्यांची गाणी देशात पोचायची ती नकलेवरून नक्कल काढलेल्या कॅसेटींतून, नवरोजच्या कार्यक्रमांच्या व्हिडिओ कॅसेटींतून आणि पुढे गच्चीवर लपवलेल्या डिशवरून. पडदे ओढून, आवाज बारीक करून ऐकलेली गाणी आहेत ही.

इराणात आता पॉपचे कार्यक्रम होत नाहीत असं नाही. राष्ट्राध्यक्ष खातमींच्या काळापासून सरकारी परवानगी घेऊन होतात. पण परवानगी इर्शाद म्हणजे संस्कृती मंत्रालयाची, गाणारा पुरुष, आणि नाचायला उठलात की रखवालदार येऊन खाली बसवतो. तिथून विमानाने येणाऱ्या माणसाला इथेही 'खाली बसा' म्हणायचं?

माझी एक सहकारी शिराझची आहे. क्रांती झाली तेव्हा तिच्या आईचंही लग्न झालेलं नव्हतं. एबी मंचावर आला आणि पहिल्या दोन सुरांत तिने गाणं ओळखलं. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून इराणी लोक जी खणखणीत चुटकी वाजवतात, ती वाजवत ती उभीच राहिली. शेवटपर्यंत बसली नाही, एक शब्द चुकली नाही. तिला संस्कार नाहीत म्हणणाऱ्यांनी आधी तिच्या घरी ती गाणी कशी ऐकली जायची ते विचारावं.

निवांत

ताई, इतिहास मलाही ठाऊक आहे. म्हणून तर आठवडाभराचा किराणा येईल एवढ्या पैशांचं तिकीट काढून गेलो होतो.

इराणी श्रोत्यांना शांत बसता येत नाही असं नाही. शास्त्रीय गायक शजरियन यांच्या मैफिलींची चित्रणं बघा. तेच लोक, टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. म्हणजे मान द्यायचा की नाही हे ते ठरवतात. शास्त्रीयवाल्याला देतात, पॉपवाल्याला देत नाहीत. माझा राग यावर आहे.

आणि गायकाचं काय? सत्तरी गाठलेला माणूस नवीन चाल घेऊन येतो, मेहनतीने बसवतो, आणि पहिल्या ओळीलाच समोरून ओरडा सुरू होतो. मी त्याचा चेहरा पाहिलाय. त्याने दोन कडवी गायली, वादकांना हाताने खूण केली आणि पन्नास वर्षांपूर्वीचं गाणं सुरू केलं. सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. मला वाईट वाटलं.

इस्फहानचा_जावई

शजरियन यांचं उदाहरण अर्धंच दिलंत. मैफिलीच्या शेवटी काय व्हायचं तेही सांगा. 'मुर्ग-ए-सहर' (पहाटेचा पक्षी) या गाण्यासाठी हाका सुरू व्हायच्या आणि ते सुरू झालं की श्रोतेही त्यांच्यासोबत गायचे. शब्द कवी बहारचे, चाल नेयदावूदची, दोघंही जुन्या जमान्यातले. अख्खी संध्याकाळ शांत बसलेल्या लोकांनाही शेवटी ते गाणं स्वतःच्या तोंडून म्हणायचं असायचं. २०२० मध्ये ते गेले तेव्हा तेहरानच्या रुग्णालयाबाहेर जमलेल्या गर्दीनेही हेच गायलं.

उशिराबद्दल: जाहिरातीत आठ लिहिलं असेल तर नऊच्या आत कोणी येत नाही, हे आयोजकालाही माहीत असतं. आधी डीजे, मग एखादा नवखा गायक, मग खरा कार्यक्रम. आम्ही टोरांटोत जेवून निघतो.

लहान मुलं रांगांमधून पळतात ते मलाही आवडत नाही. तेवढी तक्रार रास्त आहे.

कोथरूडचा_श्रोता

सत्तरच्या दशकात पुण्यात इराणी विद्यार्थी किती होते ते आताच्या लोकांना सांगून पटणार नाही. आमच्या शेजारच्या बंगल्यात चौघे भाड्याने राहायचे. संध्याकाळी टेपरेकॉर्डर खिडकीत ठेवून गूगुश लावायचे. सहा-आठचा तो ठेका मी तेव्हापासून ओळखतो. क्रांतीनंतर दोघे परत गेले, दोघे कुठे गेले कळलं नाही.

मुद्द्यावर येतो. आपल्या संगीत नाटकांत वन्स मोअरवर वन्स मोअर घेत पहाट व्हायची. तेव्हा कुणी प्रेक्षकांचे संस्कार काढले नाहीत. पण तेव्हा लोक ऐकायचे, तोंडासमोर मोबाइल धरून बसायचे नाहीत. निवांत, मोबाइलबद्दल तुम्ही काहीच कसं लिहिलं नाही? खरा रोग तोच आहे.

निवांत

लिहायचं राहिलं. माझ्या पुढच्या रांगेत एक गृहस्थ गायकाकडे पाठ करून, फोन उंच धरून उभे होते. व्हिडिओ कॉल! मंच मला त्यांच्या कोपराखालून दिसत होता. दोनदा सांगितलं. हसून मान डोलावली आणि फोन तसाच.

इस्फहानचा_जावई

तो गृहस्थ मी असू शकलो असतो. म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या सासूबाई इस्फहानला असतात. कॅनडाचा व्हिसा नाकारला गेलाय. पूर्वी त्या वयाची माणसं नवरोजला दुबईला जायची, कार्यक्रम ऐकून परत यायची. २०१८ नंतर रियाल असा कोसळला की पेन्शनवर जगणाऱ्या बाईला दुबईचं हॉटेल परवडत नाही. तुर्कस्तान आणि आर्मेनियाला व्हिसा लागत नाही म्हणून लोक अंतल्याला आणि येरेव्हानला जातात, पण गुडघे गेलेल्या बाईने एकटीने कसं जायचं?

मोइन त्यांच्याच भागातला, नजफाबादचा. तो इस्फहानवरचं गाणं सुरू करतो तेव्हा माझी बायको फोन लावते. तिकडे पहाट झालेली असते. सासूबाई स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसलेल्या असतात, मागे गॅसवर किटली. त्या गायला लागतात. इंटरनेट अडखळतं म्हणून त्यांचा शब्द इकडे एक ओळ मागून येतो, आणि मध्येच चित्र थिजतं. तरी गातात. ज्या गावाबद्दल हॉलमधले लोक रडत गातात, त्याच गावातून एक बाई गात असते. आता सांगा, फोन खाली करू?

कोथरूडचा_श्रोता

हो, करा. सासूबाईंबद्दल आदर आहे. पण मागच्या रांगेतल्या माणसानेही तिकीट काढलंय, त्याचीही आई कुठेतरी असेल. सगळ्यांनी आपापल्या आईला फोन लावला तर मंचाकडे कोण बघणार?

बर_दुबईवाली

काका, तुमच्या आईला तुमच्यासोबत नाट्यगृहात यायला कुणी बंदी केली नव्हती. तुलना करताना थोडं भान ठेवा.

कोथरूडचा_श्रोता

माझ्या आईपर्यंत जायचं कारण नाही. वयाचा मान ठेवून बोला. मी फक्त सभागृहातली शिस्त सांगितली.

मेघमल्हार

दोघंही थांबा. मी जर्मनीत ध्वनिव्यवस्थेचं काम करते, असे कार्यक्रम मंचामागून पाहिलेत. गायक स्वतः माईक लोकांकडे फिरवतात. कडवं लोकांना देऊन दम घेतात, वय झालंय त्यांचं. गाणारे श्रोते त्यांना हवेच असतात. फोनचा त्रास त्यांना होत नाही, मागच्यांना होतो. त्यामुळे काकांचं म्हणणं चूक नाही, फक्त बोलणं कडक होतं.

मला खरा त्रास झेंड्यांचा वाटतो. २०२२ मध्ये महसा अमिनीच्या पोलीस कोठडीतल्या मृत्यूनंतर सभागृहांत 'ज़न, ज़ेंदगी, आज़ादी' (स्त्री, जीवन, स्वातंत्र्य) अशा घोषणा व्हायला लागल्या, ते समजू शकते. पण आता क्रांतीआधीचा, शहाच्या राजवटीतला सिंह-सूर्याचा झेंडा कुणी फडकवला की दुसऱ्या कोपऱ्यातून आरडाओरडा सुरू. एका कार्यक्रमात झेंड्यावरून दोन बाप्ये एकमेकांची कॉलर धरून उभे होते आणि बायका पोरांना घेऊन दाराकडे पळत होत्या. मोबाइल परवडला.

इस्फहानचा_जावई

झेंड्याचं इथे काढू नका, तो वाद आमच्या घरात जेवणाच्या टेबलावरही मिटत नाही. फोनबद्दल मात्र मी ठाम आहे.

बर_दुबईवाली

मूळ मुद्दा राहून गेला. निवांत म्हणतात यांना १९७८ परत हवं असतं. पण ज्या गाण्यांसाठी लोक ओरडतात त्यातली कितीतरी १९७८ ची नाहीतच! मोइनचं नाव झालं ते देश सोडल्यावर. हायदेची जी गाणी आज घराघरात आहेत त्यातली बरीच कॅलिफोर्नियातली. अँडी, सियावश गोमेशी यांची तर कारकीर्दच तिकडे बहरली. 'दोबारे मीसाज़मत वतन' (देशा, तुला पुन्हा उभारीन) दारियूशने परदेशातच गायलं, शब्द देशात राहिलेल्या कवयित्री सीमिन बेहबहानींचे. हे शहाच्या जमान्याचं वेड नव्हे. ही देश सुटल्यानंतरची गाणी आहेत, ज्यांचा देश अजून सुटलेलाच आहे ते गाणारच.

निवांत

धन्यवाद, माझंच म्हणणं सिद्ध केलंत. ती गाणी १९८५ मध्ये, १९९० मध्ये नवीन होती ना? तेव्हाच्या श्रोत्यांनी पहिल्या ओळीला ओरडा केला असता तर ती आज जुनी आणि लाडकी झालीच नसती. देश तुटलेला, पैसा नाही, तरी त्या लोकांनी नवीन गाणं ऐकून घेतलं. आज त्यांची मुलं ऐकून घेत नाहीत. गूगुशला २१ वर्षं राज्यकर्त्यांनी गप्प बसवलं याचा संताप तुम्हाला आहे, मलाही आहे. मग ती आज काही नवीन म्हणत असताना समोरच्यांनी तिला थांबवायचं?

मेघमल्हार

हे पटलं. मंचामागे मी गायकांना गाण्यांची यादी ऐन वेळी बदलताना पाहिलंय. मधली नवीन गाणी आधी खोडली जातात.

बर_दुबईवाली

निवांत, यावर माझ्याकडे उत्तर नाही. नवीन गाण्याच्या वेळी उठून जाणं वाईट, हे मानते. मानते म्हणजे मानावं लागतंय. पण 'संस्कार नाहीत' हे शब्द तुम्ही मागे घ्यायला हवेत. उभं राहून गाणं हा त्या सभागृहातला संस्कारच आहे. देशात एकट्या बाईला जाहीर गाता येत नाही आणि इथे एका रांगेत तीन पिढ्यांच्या बायका मोकळ्या गळ्याने गातात. त्याचा त्रास होत असेल तर घरी हेडफोन लावून ऐका.

निवांत

शब्द कडक होता, बदलतो: सवय वाईट आहे. उभं राहा, गा, माझी हरकत नाही. नवीन गाण्याला पाच मिनिटं ओरडू नका. आणि फोन खाली.

इस्फहानचा_जावई

पहिलं मान्य. फोन खाली होणार नाही. यापुढे शेवटच्या रांगेची तिकिटं काढू, मागे कुणी नसेल. आवाज तिथूनही पोचतो, सासूबाईंना तेवढंच हवं असतं.

कोथरूडचा_श्रोता

शेवटच्या रांगेत चालेल.