शोधकांवरचे विनोदी सिनेमे सुचवा, पण हसू यंत्रातूनच यायला हवं

पान्हापकड:
मी यंत्रदुरुस्ती शिकवतो. शिकणाऱ्या मुलांना अधूनमधून सिनेमाही दाखवतो. शोधक आणि त्यांचे शोध यांवरचे विनोदी सिनेमे शोधायला लागलो, तर बहुतेकांत तेच: विस्कटलेले केस, जाड चष्मा, शेवटी धुराचा लोट. यंत्र नेमकं काय करतं हे दाखवायची कुणाला गरजच वाटत नाही. मला याच्या उलट हवंय. यंत्र समोर दिसावं, त्याचा नियम प्रेक्षकाला कळावा आणि हसू त्या नियमातूनच फुटावं.

'बॅक टु द फ्यूचर'ची (१९८५) सुरुवात आठवा. घरभर घड्याळं, करपलेला टोस्ट पुन्हापुन्हा भाजणारा टोस्टर, कुत्र्याच्या भरून वाहणाऱ्या भांड्यात आणखी खाणं ओतणारा यांत्रिक हात. मालक बरेच दिवस घरी नाही, हे कुणी न बोलता यंत्रंच सांगतात. अशा जातीचं काही सुचवा. मूकपटही चालतील.

सावकाश_सांगतो:
'द मॅन इन द व्हाइट सूट', १९५१. ईलिंग स्टुडिओचा, अलेक्झांडर मॅकेंड्रिकचा. ॲलेक गिनेस यात कापडगिरणीतल्या एका तरुण रसायनतज्ज्ञाचं काम करतो. त्याचा ध्यास एकच: कधीही न मळणारा, कधीही न विरणारा धागा. आणि तो धागा त्याला खरोखर सापडतो!

मला हा सिनेमा आवडतो तो इथून पुढे. या धाग्यावर काही चिकटत नाही, म्हणजे रंगही चढत नाही. म्हणून सूट पांढराच. तो अंधारात चमकतो, त्यामुळे लपायची वेळ आली की पंचाईत. कात्री चालत नाही, तेव्हा कापड बेतायचं ते ज्योतीने. प्रत्येक गंमत त्या एका गुणधर्मातून निघते, बाहेरून चिकटवलेलं काही नाही. त्याच्या काचेच्या नळ्यांचा गुडगुडणारा ठेकासुद्धा असा आहे, की तो ऐकू आला की समजावं, गडी कामाला लागला.

मग मालक घाबरतात, कारण कापड एकदाच विकलं जाणार. कामगारही घाबरतात, एकदा सगळ्यांचे कपडे शिवून झाले की काम संपणार. एरवी एकमेकांसमोर उभे ठाकणारे दोघे मिळून याच्या मागे लागतात. त्यात एक म्हातारी आहे, लोकांचे कपडे धुऊन पोट भरणारी. कपडे मळलेच नाहीत तर मी काय करू, असं ती त्याला विचारते, आणि त्याच्याकडे उत्तर नसतं. तोवर आपण पूर्णपणे त्याच्या बाजूने असतो. विनोदी सिनेमाने एवढा खरा प्रश्न हसता हसता समोर ठेवावा, याचं मला फार अप्रूप आहे. तुमच्या मुलांना हा दाखवाच. शेवट मात्र आधी सांगू नका.

निळी_शाई:
मूकपट चालणार असेल तर बस्टर कीटनचा 'द इलेक्ट्रिक हाउस' (१९२२). पदव्यांची अदलाबदल होते आणि वनस्पतिशास्त्र शिकलेल्या मुलाला वीज अभियंता समजून एक श्रीमंत माणूस अख्खं घर त्याच्या हवाली करतो. तो पुस्तक वाचून सरकता जिना बसवतो. स्वयंपाकघरातून जेवणाच्या टेबलावर ताटल्या आणणारी छोटी रेल्वेही करतो, आणि सगळं चालतं! पुढे खरा अभियंता चिडून येतो आणि तारांची अदलाबदल करून ठेवतो. त्यानंतरही प्रत्येक यंत्र आपापलं काम चोख करतं, फक्त भलत्याच वेळी. तुम्ही वायरिंग शिकवत असाल तर हा अख्खा धडाच आहे. (हे चित्रीकरण सोपं नव्हतं. पहिल्या प्रयत्नात त्या जिन्यात पाय अडकून कीटनचा घोटा मोडला आणि काम थांबवावं लागलं होतं.)

दुसरा, निक पार्कचा 'द राँग ट्राउझर्स' (१९९३). सकाळी पलंग कलतो, शोधक वॉलेस खालच्या मजल्यावर थेट पँटमध्ये घसरतो, जॅम उडत येऊन टोस्टवर बसतो. आपण हसतो आणि विसरतो. पुढे चोर पेंग्विन हीच व्यवस्था वापरतो, फक्त खाली साध्या पँटच्या जागी आपोआप चालणारी यांत्रिक पँट ठेवतो. आधी नीट चाललेलं दाखवलं, म्हणूनच नंतरचं इतकं रंगतं.

फिरकी_नाही:
'द ॲबसेंट-माइंडेड प्रोफेसर' (१९६१) राहिला. नियम एका वाक्यात मावतो: प्रोफेसरने शोधलेला रबरासारखा पदार्थ प्रत्येक उडीला आधीपेक्षा उंच उडतो. तो बुटांना लावा, गाडीत घाला किंवा खलनायकाच्या पायाखाली, पुढचं आपोआप घडतं.

'हनी, आय श्रंक द किड्स'मध्ये (१९८९) पळापळ जास्त आहे, पण तुमच्या कामाचं एक आहे. वस्तू लहान करायचं यंत्र फळं फोडत असतं. बाहेरून आलेला चेंडू त्यात अडकतो आणि ते चालू लागतं. बाप नंतर शोधून काढतो, की चेंडूने किरण अडवला, म्हणून वस्तू फोडणारी जादा उष्णता पोचली नाही. बिघाडाचा माग काढणं पडद्यावर इतकं सरळ क्वचित दिसतं.

पान्हापकड:
मनापासून आभार. चेंडूचा प्रसंग तर सिनेमा मध्येच थांबवून मुलांना विचारण्याजोगा आहे.

'मॉडर्न टाइम्स'मधलं (१९३६) जेवण भरवणारं यंत्र मी दाखवत आलोय. कामगाराला जेवणाची सुट्टी द्यावी लागू नये म्हणून केलेलं. शोधक स्वतः बोलत नाही, त्याची भलामण ध्वनिमुद्रिका करते. मक्याचं कणीस फिरवणारा भाग बिघडतो, दुरुस्तीत ताटलीवर राहिलेले लोखंडी नट चॅप्लिनच्या तोंडात जातात, पण तोंड पुसणारी गादी मात्र बराच वेळ हळुवारपणे ओठ टिपत राहते. एक भाग बिघडला तरी दुसरा आपलं काम करत राहतो, हे मुलांना फळ्यावर सांगून जेवढं पटत नाही तेवढं इथे पटतं.

सुरुवात कीटनपासून करतो, छोटा आहे आणि भाषेची अडचण नाही. 'व्हाइट सूट'साठी मात्र आख्खी दुपार मोकळी ठेवणार, कारण त्या म्हातारीच्या प्रश्नावर मुलं बोलल्याशिवाय राहायची नाहीत.

सावकाश_सांगतो:
बोलू द्या. आणि काय म्हणाली ते इथे नक्की लिहा.