मदत हवी आहे : महारेराची एजंट परीक्षा

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ कोल्हापुरात कळंबा, फुलेवाडी भागात फ्लॅट दाखवायचं काम करतो. आता त्याला महारेराकडे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, एजंट म्हणून रीतसर नोंदणी करायची आहे. नोंदणीशिवाय एजंटला महारेराकडे नोंदवलेल्या प्रकल्पातला फ्लॅट विकून देता येत नाही, आणि ते योग्यच आहे. लोक आयुष्यभराची पुंजी घालतात हो त्यात. २० तासांचं प्रशिक्षण, मग परीक्षा, मग १०,००० रुपये भरून ५ वर्षांची नोंदणी, एवढं समजलंय. सातबारा, प्रॉपर्टी कार्ड तो झटक्यात वाचतो, पण कायद्याची कलमं आली की अडतो. कोल्हापुरातून कुणी ही परीक्षा दिली आहे का? पेपर मराठीतून देता येतो का? केंद्र इथंच मिळतं की पुण्याला जावं लागतं? कुणाकडे मराठी नोट्स असतील तर प्लीज कळवा, झेरॉक्स काढून लगेच परत करीन.