मदरबोर्ड गेला, तस्साच दुसरा मिळेना: तुमचे अनुभव लिहा

रानजाई
परवा लेकीच्या लॅपटॉपचा बोर्ड उडाला. दुकानदार म्हणाला, "ताई, ह्याला बोर्ड घालत बसण्यापेक्षा नवाच घ्या." त्यावरून आमचा २०१२ चा डेस्कटॉप आठवला. आय३-२१०० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा बोर्ड. वळवाच्या पावसात कुठेतरी वीज पडली आणि ब्रॉडबँडच्या वायरीतून थेट आत आली. लॅनच्या पोर्टाजवळ काळा डाग, पंखा अर्धी गिरकी घेऊन गप्प. तोच बोर्ड शोधला तर कंपनीनं बनवणं कधीच बंद केलेलं. प्रोसेसर धडधाकट, रॅम ठीक आणि डिस्कवर सासऱ्यांच्या पेन्शनचे सगळे कागद. टाकून कसं द्यायचं?
शेवटी गिरगावच्या दिरांनी लॅमिंग्टन रोडवरून बी७५ चा जुना बोर्ड आणला. सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) तोच, ११५५. डीडीआर३ रॅमही तीच बसली. वर यूएसबी ३ मिळालं, जे आधीच्यावर नव्हतं. विंडोज ७ सुरू झालं, पण लॅनचा ड्रायव्हर (ते पोर्ट चालवणारं सॉफ्टवेअर) नाही. ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेटला ड्रायव्हर! शेजाऱ्यांकडून पेनड्राइव्हवर आणला. मग पडदा काळा आणि कोपऱ्यात 'ही प्रत अस्सल नाही'. सासरे चिडले, "बिल आहे माझ्याकडे, दाखव त्याला!"
तुमचेही लिहा. बोर्ड निवडताना काय बघितलंत तेही.

खटपट्या
सॉकेट तोच म्हणजे चालणारच असं नाही हां. माझा आय५-८४००, सॉकेट ११५१. बोर्ड गेल्यावर एक दुकानदार बी२५० गळ्यात मारत होता, "एकच सॉकेट साहेब, बसतो की." बसतो हो, चालत नाही. आठव्या पिढीला ३०० सिरीजचाच बोर्ड लागतो, एच३१० किंवा बी३६० वगैरे. पिना तेवढ्याच, पण त्यांची कामं वेगळी वाटलेली. बोर्डाच्या साइटवर सीपीयू सपोर्ट लिस्ट असते, ती बघूनच पैसे काढा. प्रोसेसरपुढे बायोसचं (बोर्डातच भरलेलं, पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) व्हर्जनही लिहिलेलं असतं, तेही बघा. एच६१ वर तिसऱ्या पिढीचा घालायचा तर बरेचदा आधी बायोस अपडेट करावा लागतो, आणि त्यासाठी दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर हाताशी हवा. म्हणजे परत उधारउसनवार.

सांजवात_
आमच्याकडे वीज नाही, पाल! मागून आत शिरली आणि बोर्डावरच आटोपली. सासूबाई म्हणाल्या, आधी पालीची शांत करा, मग कॉम्प्युटरची.

खटपट्या
@सांजवात_ हहपुवा!! पोर्टांभोवतीचा मागचा पत्रा नसणार तुमच्याकडे. दुसऱ्या मॉडेलचा बोर्ड आला की पोर्टांच्या जागा बदलतात, जुना पत्रा बसत नाही. मग दुकानदार ती खिडकी तशीच उघडी ठेवून देतात. जुना बोर्ड घेताना त्याचा पत्रा मागून घ्यायचाच.

सांजवात_
तोच नव्हता!! आता तिथे पुठ्ठा चिकटवलाय.

टकटुक
लिनक्स होतं. एच८१ गेला, बी८५ आला. डिस्क जोडली, चालू केलं, चाललं. नेटवर्क कार्डाचं नाव बदललं तेवढंच.

रानजाई
मिरवून झालं का :)

कागदीघोडा
सीएचं ऑफिस, जुलैअखेर, रिटर्नची झुंबड. अशातच सरांच्या पीसीचा बोर्ड गेला. दुसऱ्या मॉडेलचा बसवला, डिस्क तीच, तर निळा पडदा आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतोय. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप. कुलपाचा सगळा भरवसा टीपीएम नावाच्या सुरक्षा चिपवर आणि टीपीएम जुन्या बोर्डाबरोबर गेलेला. नशीब की सरांच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटात की जमा होती. एक मुलगी मोबाइलवरून सहा-सहा आकडे वाचतेय, मी टायपतोय, आणि शेजारी उभा क्लायंट, "माझा रिफंड कधी येणार?" तिचे आकडे आणि त्याचे प्रश्न, माझ्या डोक्यात काला.
विंडोज १० अकाउंटाला जोडलेलं होतं, म्हणून ट्रबलशूटरमधून 'हार्डवेअर बदललंय' सांगितल्यावर ॲक्टिव्हेट झालं. मग हिशोबाचं सॉफ्टवेअर उघडलं तर ते शैक्षणिक मोडमध्ये. १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी घेतंय! त्याच्या लेखी हे मशीनच नवं. लायसन परत चालू होईपर्यंत सर दारातल्या चहावाल्याशी बोलत उभे होते.
पीसी चालू आहे तोवर ती की कुठे आहे ते बघून, कागदावर लिहून ठेवा.

पंत
धंदाच हा आमचा, म्हणून थोडं लांबण. मोठा एटीएक्स बोर्ड काढून मायक्रो एटीएक्स बसवताना कॅबिनेटमध्ये जिथे नव्या बोर्डाला भोक नाही तिथले पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर टेकतो ते खुंटे) काढा. राहिलेला एक जरी मागच्या सोल्डरला टेकला की शॉर्ट. मग गिऱ्हाईक म्हणतं बोर्डच खराब दिलात.
दुसरं, निळा पडदा येऊन ७बी वर संपणारा आकडा दिसला तर लगेच फॉरमॅट मारू नका. बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) बघा, आयडीई आहे की एएचसीआय. जुन्या बोर्डावर जो होता तोच लावा, बऱ्याच वेळा विंडोज निमूट उठतं.
आणि बोर्ड मेलाय असं ठरवण्याआधी दुसरा एसएमपीएस (पॉवर सप्लायचा डबा) लावून बघा. अर्धे 'मेलेले' बोर्ड तिथेच जिवंत होतात. जुन्या काळी, म्हणजे २००५ च्या आसपास, कपॅसिटर फुगलेले यायचे. वरचं सपाट झाकण टम्म, कडेला तपकिरी चिकट. ते बदलले की त्याच बोर्डावर आणखी काही वर्षं निघायची. आता कोण बसतंय सोल्डरिंग करत.

घाईतआहे
पोळ्या करता करता लिहितेय. पुढच्या बटणांच्या वायरी!! नवऱ्याने फोटो न काढता सगळ्या उपटल्या. पॉवरच्या दिव्याची वायर तीन पिनांची, नव्या बोर्डावर जागा दोन पिनांची. तेव्हापासून दिवा लागत नाही. पीसी चालू आहे का ते कान लावून ऐकायचं. बाकी मस्त.

खटपट्या
सुईनं तो प्लॅस्टिकचा चिमटा उचलून आतली पिन शेजारच्या घरात सरकवता येते. पाच मिनिटांचं काम.

घाईतआहे
त्यांना सांगू नका, परत उघडतील. पोळी करपली.

मुंबैकर_जुना
लॅमिंग्टन रोड म्हणजे आपला भडकमकर मार्ग, पण तसं म्हटलं तर टॅक्सीवाला बघत राहतो. तिथे जुन्या बोर्डाला 'टेस्टिंग वॉरंटी' देतात, म्हणजे समोर चालला की वॉरंटी संपली. आपला प्रोसेसर आणि रॅम सोबत नेऊन तिथेच लावून बघायचं. सॉकेटमधल्या पिना टॉर्चच्या उजेडात तिरक्या बघायच्या, एकही वाकडी दिसली तर नमस्कार करून पुढचं दुकान. रच्याकने (बाय द वे), लेकीच्या लॅपटॉपचं काय झालं?

रानजाई
चिप लेव्हलवाल्याकडे, म्हणजे बोर्डावरचेच भाग दुरुस्त करणाऱ्याकडे, दिलाय. लॅपटॉपला दुसऱ्या मॉडेलचा बोर्ड बसवायची सोयच नाही म्हणे, स्क्रूची भोकंसुद्धा जुळत नाहीत. लेक दिवसभर माझ्या फोनवर.

सांजवात_
माझ्याकडे डीडीआर३ च्या दोन कांड्या पडून आहेत. कुणाला हव्यात?

टकटुक
लॅपटॉपच्या की डेस्कटॉपच्या?

सांजवात_
लांब असतात त्या.

टकटुक
डेस्कटॉपच्या. व्यनि (खासगी निरोप) केलाय. पाल लागलेल्या नाहीत ना?

सांजवात_
धुऊन देते की.

पंत
धुऊ नका हो!!