सिंहिणीने त्या कोल्ह्याच्या पोराला हाकललं की वाचवलं?

गवती_चहा
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सकाळी एक पोस्ट येऊन पडली आणि तेव्हापासून डोकं तापलंय. तिथे उत्तर दिलं तर टाकीच्या मीटिंगला तोंड दाखवायची चोरी, म्हणून इथे लिहितेय. पोस्ट अशी: "सिंहिणीने कोल्ह्याच्या पिल्लाला स्वतःचं दूध पाजून वाढवलं. पण हत्ती दिसताच ते पळालं. शेवटी सिंहिणीने त्याला हाकलून दिलं. खाण तशी माती!" खाली हात जोडलेले चार आणि गुलाब दोन.

अहो हाकललं कुठे? पंचतंत्र, चौथं तंत्र, लब्धप्रणाश, काढून वाचा की एकदा. सिंह दिवसभर हिंडतो, काही मिळत नाही, वाटेत कोल्ह्याचं पिल्लू सापडतं, लहान म्हणून मारवत नाही, मग दातांत अलगद धरून घरी आणतो आणि बायकोला म्हणतो आज हेच पथ्य समजून खा. म्हणजे बालहत्या आपल्या हातून नको, बायकोच्या हातून झाली तर चालेल!! आणि ती नुकती बाळंत झालेली, दोन पिल्लं अंगावर, घरात दुसरं काही नाही. ती म्हणते, तुम्ही पोर म्हणून सोडलंत, मग मी पोटासाठी मारू? हा माझा तिसरा मुलगा. बाई उपाशी असताना हे बोलतेय, हे त्या गुलाबवाल्यांना दिसत नाही.

पुढे तिघं एकत्र वाढतात, कोण कुठल्या जातीचं कुणालाच माहीत नाही. हत्ती दिसतो, दोघं धावून जातात, हा मागे फिरून घरी पळतो. दोघं येऊन आईबापांसमोर दादाची टिंगल करतात, हा चिडतो, म्हणतो ह्यांना मारूनच टाकतो. तेव्हा ती त्याला एकीकडे घेऊन सांगते की बाळा तू कोल्हीचा, मी दया येऊन वाढवलं, ह्या दोघांना कळायच्या आत तुझ्या लोकांत जा, नाहीतर मरशील. चारचौघांत नाही, एकीकडे. ह्याला हाकलणं म्हणतात? माझ्या मते तिची चूक एकच, सांगायला उशीर केला.

विसर्गसंधी
ताई, भावना पोचल्या, पण पंचतंत्र ही मालिका नाही, नीतिशास्त्र आहे. अमरशक्ती राजाच्या तीन मठ्ठ मुलांना सहा महिन्यांत शहाणं करायचं म्हणून विष्णुशर्म्याने सांगितलेल्या गोष्टी. तिथे सिंहीण म्हणजे आई नाही, मुद्दा आहे. मुद्दा श्लोकातच आहे:

शूरोऽसि कृतविद्योऽसि दर्शनीयोऽसि पुत्रक ।
यस्मिन् कुले त्वमुत्पन्नो गजस्तत्र न हन्यते ॥

शूर आहेस, शिकलेला आहेस, देखणा आहेस बाळा, पण ज्या कुळात जन्मलास तिथे हत्ती मारत नाहीत. संपलं. आपली कुवत ओळखा. पण हल्ली संस्कृत मार्कांसाठी घेतात, दहावीचा निकाल लागला की पुस्तक रद्दीत, आणि मग पंचतंत्र कळतं ते बालवाडीच्या चित्रांच्या पुस्तकातून, ज्यात अर्धी गोष्ट कापलेली असते.

चाकावरची_माती
कापलेली अर्धी तुम्हीही सांगितली नाहीत की हो विसर्गबुवा. ही गोष्ट सांगतंय कोण आणि कुणाला? ते का गाळलंत?

मी सांगते. युधिष्ठिर नावाचा एक कुंभार. दारू पिऊन धावताना फुटक्या खापरांवर पडतो, कपाळाला खोक पडते, नीट भरत नाही, वण राहतो. दुष्काळात परमुलखात जातो, तिथल्या राजाला तो वण लढाईतला वाटतो, मोठा मान देतो. मग युद्धाची वेळ येते, राजा विचारतो ही जखम कुठल्या लढाईतली, आणि हा खरं सांगतो. खरं!! राजाला लाज वाटते, म्हणतो हाकला ह्याला. कुंभार म्हणतो, महाराज रणात माझे हात तरी बघा. राजा काय म्हणतो? हाच श्लोक. तुझ्यात सगळे गुण असतील पण कुळ ते नाही. आणि मग ही सिंहिणीची गोष्ट.

म्हणजे सिंहिणीचं सगळं बोलणं हे राजाच्या तोंडचं आहे. तिला वेगळं मन आहे की नाही कळायला मार्गच नाही. ज्याने माणसाला परीक्षा न घेता नापास केलं त्याने स्वतःच्या सोयीसाठी उभी केलेली आई आहे ती.

माझे आजोबा मडकी करायचे. शाळेत हा श्लोक शिकवला तेव्हा मागच्या बाकावरून एकाने माझ्याकडे बघून "गजस्तत्र न हन्यते" म्हटलं आणि अख्खा वर्ग हसला, शिकवणारेही हसले. त्यामुळे मला तिची माया वगैरे सांगू नका.

विसर्गसंधी
बाराव्या शतकातल्या पाठाला आजचे चष्मे लावायचे का हा प्रश्न आहे. पूर्णभद्र ह्या जैन मुनीने लिहिलेला पंचतंत्राचा पाठ ११९९ चा आहे.

चाकावरची_माती
आणि मागच्या बाकावरचा मुलगा १९९८ चा. चष्मा कुणी लावलाय?
आमच्यात गोरोबाकाका होऊन गेले, थापटणं घेऊन एकेका संताच्या डोक्यावर मारून बघितलं, कोण भाजलंय कोण कच्चं, नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं. तिथे परीक्षा कुंभार घेतो. आणि घेतो तरी.

माळरान
मूळ मुद्दा बाजूला राहू द्या, एक दुरुस्ती. गेल्या महिन्यात ह्याच गोष्टीचं नवीन पुस्तक भाचीसाठी आणलं, त्यात चित्र खोकडाचं! लालबुंद अंग, पांढरं शेपटीचं टोक, म्हणजे तेही आपल्या महाराष्ट्रातलं नाही. कोल्हा वेगळा, खोकड वेगळं. खोकड मांजरापेक्षा जरा मोठं, शेपटीचं टोक काळं, माळावर बिळात राहतं. कोल्हा त्याच्या दुप्पट-तिप्पट वजनाचा. आंबट द्राक्षंवाला मुळात कोल्हा नव्हताच, भाषांतर करणाऱ्यांनी केला. तिथून सगळा घोळ.

मधली_सुट्टी
पण "कोल्हा काकडीला राजी" तर आपलीच म्हण ना? ती काकडी कोण खातं मग?

माळरान
ती कोल्हाच. कोल्हा फळं, बोरं, ऊस, काकड्या सगळं खातो. म्हण करणाऱ्याने शेत राखलं होतं, पुस्तक वाचलं नव्हतं.

मधली_सुट्टी
आमच्या मालवणात कोलो म्हणतात. खोकड शब्द मी आजच ऐकला, खोकल्याचं औषध वाटलं.

माळरान
हसा. नवी मुंबईच्या खारफुटीत आजही कोल्हे आहेत, लोक रात्री बघतात आणि व्हिडिओ टाकतात "लांडगा आला". एकाला मी समजावायला गेलो तर म्हणाला काका, भुंकला ना, मग कुत्रा. आपल्याकडे कोल्ह्याला एक तर लबाड म्हणतात, नाहीतर भित्रा. नर-मादी जोडीने राहतात, दोघं मिळून पिल्लं वाढवतात, कधीकधी आधीच्या वर्षीचं मोठं पोर धाकट्यांना भरवायला थांबतं. आणि सहासात किलोचं कोल्हं हत्ती बघून पळालं तर ह्यात भित्रेपणा कसला? पळालं नाही तर वेडं. मूर्ख ती दोन पिल्लं आहेत. सिंहीणसुद्धा जाणत्या हत्तीच्या वाटेला सहसा जात नाही.

बॅकबेंचर_८९
इथे खोकडावर एवढं चाललंय म्हणून मध्ये बोलतो.
मी दत्तक आहे. चौदाव्या वर्षी कळलं, एका लग्नात, हातात जिलबीची ताटली होती, लांबच्या एका बाईंनी दुसऱ्या बाईंना "हाच का तो आणलेला" विचारलं. घरी आल्यावर आईला विचारलं तर ती ओट्याकडे तोंड करून भांडी घासत राहिली आणि पाठमोरीच "हो" म्हणाली. त्यामुळे गवती_चहा तुम्ही जे सहज लिहिलंय ना "चूक एकच, उशीर केला", ती एकच चूक म्हणजे सगळं असतं.

आणि गोष्ट नीट वाचा. सिंहीण खरं कधी सांगते? पोरं टिंगल करतात तेव्हा नाही. त्याला राग येतो तेव्हा नाही. तो म्हणतो "ह्या दोघांना मारतो", तेव्हा. स्वतःच्या दोघांवर आलं तेव्हा तिसरा आठवला. श्लोकात पुत्रक, पुढच्याच वाक्यात शृगालीसुत, कोल्हीचं पोर. आणि वर ती हसते! मूळ शब्द आहे "अन्तर्विहस्य". मनातल्या मनात हसून सांगते. पोराच्या पायाखालची जमीन काढताना हसणारी आई. गुलाबवाली पोस्ट मूर्ख आहे, मान्य, पण तुमची देवीही नको.

गवती_चहा
देवी मी म्हटलेलं नाही. त्याच वाक्यात "अन्तर्विहस्य" च्या आधी "तस्य जीवितमिच्छन्ती" आहे, त्याचा जीव वाचावा अशी इच्छा असलेली. ते सोयीने गाळलंत. तुमच्या आईवरचा राग सिंहिणीवर काढू नका.

बॅकबेंचर_८९
वा. हे ऐकायचं राहिलं होतं. दोन ओळी संस्कृत येतं म्हणून माझ्या घरात शिरलात. तुम्ही वाढवलंय का कुणाचं मूल? मग बसा चहा पीत.

पाचपावली
अहो जरा हळू दोघं. एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली का, सिंहाला कुणीच काही बोलत नाहीये! पोर घरात आणलं त्याने, "खा" म्हणून पुढे टाकलं त्याने, आणि नंतर पूर्ण गोष्टीत एक शब्द नाही. टिंगल त्याच्यासमोर झाली ना? दूध पाजायचं आईने, समजूत घालायची आईने, अवघड बोलायचं आईने, आणि आठशे वर्षांनी धागा काढून शिव्या खायच्या त्याही आईने. आमच्याकडेही असंच आहे, मुलीची दहावी मी, मार्क कमी पडले की "तुझं लक्ष नव्हतं".

चाकावरची_माती
+१. नाइलाजाने, पण +१.

माळरान
आता खरी सिंहीण सांगतो, कारण कुणी विचारणार नाही. २०१८ च्या डिसेंबरात गीरमध्ये एका सिंहिणीबरोबर बिबट्याचं पिल्लू दिसलं, दोनेक महिन्यांचं. तिची स्वतःची दोन पिल्लं होती, जवळपास तेवढीच. दोन आणि तिसरं! तिने त्याला दूध पाजलं, शिकारीचं मांस खाऊ दिलं, पिल्लं त्याच्याशी खेळायची. सिंह आणि बिबट्या म्हणजे एरवी हाडवैर. सुमारे दीड महिना हे चाललं, मग ते पिल्लू मेलेलं सापडलं, जन्मापासूनच्या दोषाने, कुणी मारलं नव्हतं. त्यामुळे विसर्गबुवांचं "सिंहीण म्हणजे आई नाही, मुद्दा आहे" हे गीरला मान्य नाही.

विसर्गसंधी
एका उदाहरणाने नीतिशास्त्र बदलत नाही. उदाहरण चांगलं आहे हे मात्र मान्य. आणि खरं सांगायचं तर मलाही एक अडचण आहेच. सिंहीण त्याला तिसरा मुलगा म्हणते, पण पुढे दोघं त्याला थोरला भाऊ मानतात, हत्तीसमोर "थोरलाच पळाला" म्हणून त्यांचाही धीर सुटतो. म्हणजे घरात त्याला मान होता, उपऱ्यासारखं वाढवलेलं नव्हतं. हे नुसत्या मुद्द्यासाठी लिहायची गरज नव्हती.

चाकावरची_माती
म्हणजे लिहिणाऱ्याला सिंहीण आवडली होती आणि राजाची अडचण झाली. हे चालेल मला. कुंभाराचं काय ते सांगा पण. तो राजाचं ऐकून पटकन निघून जातो, गोष्ट संपते. त्याचे हात कुणी बघितलेच नाहीत.

गवती_चहा
बॅकबेंचर, मघाचं वाक्य मी लिहायला नको होतं. मागे घेते. तुम्ही विचारलंत म्हणून: हो, वाढवतेय. सात वर्षांची आहे. ती यायच्या आधी संस्थेतल्या ताईंनी सांगितलं होतं की पहिल्या दिवसापासून गोष्टीसारखं सांगत जा, "सांगायचा दिवस" असा येऊच देऊ नका. तर आम्ही सांगतो. मागच्या महिन्यात तिने शाळेत स्वतःच सगळ्यांना सांगून टाकलं आणि वर एकीला म्हणाली तू पण विचार घरी, तू पण असशील. त्या आईचा मला फोन. म्हणून ती पोस्ट आली तेव्हा मी चिडले, ग्रुपवर सगळ्यांना माहितीये आमच्या घरी कोण आहे. पोस्ट टाकणाऱ्यालाही.

पाचपावली
अगं बाई. हे आधी लिहायचंस ना.

बॅकबेंचर_८९
"बसा चहा पीत" मागे. बाकी नाही.
अन्तर्विहस्य अजून पटलेलं नाही. माझी आई हसली नव्हती, पण पाठ केली होती, आणि इतकी वर्षं मी ते "तिला काही वाटलंच नाही" असं वाचत आलोय. जीव वाचवायची इच्छा वाक्यात आधी येते हे तुमचं खरं आहे. क्रम मी बघितला नव्हता. एवढंच, जास्त नाही.
तुमच्या मुलीला ही गोष्ट सांगितलीत का?

गवती_चहा
सांगितली. तिला एकच प्रश्न पडला, कोल्ह्याची खरी आई कुठे होती तेव्हा. पुस्तकात नाहीये. मी म्हटलं माहीत नाही.

माळरान
तिला चित्र दाखवलंत तर आधी मला पाठवा. पुस्तकात खोकड असेल.

मधली_सुट्टी
हा माणूस झोपेत पण खोकड म्हणत असणार.